पिशवीतली पिल्लं

मित्रांनो, मी ग्रामपंचायतीच्या छपरावरचा एक जुना भोंगा आहे. तोंड भलं मोठं, पण अक्कल उसनी. ज्याच्या हाती माइक, त्याचंच बोलणं माझं. मला सोलापुरातून आणलं तेव्हा हार घातला होता. पोलिओचा डोस, पाण्याची पाळी, हरवलेली शेळी, सारं मीच सांगायचो. 'भोंग्यावर सांगितलं म्हणजे खरंच' असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचो.

आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. जुनं गाव धरणात गेलं आणि माणसं इथे येऊन वसली. तेव्हा शेजारच्या गावांनी त्यांना 'उपरे' म्हणून हिणवलं होतं, असं म्हातारी माणसं सांगत. पुढे तेलंगणातून येल्लय्या बायको-पोरीला घेऊन मासेमारीला आला, तेव्हा तोच शब्द आमच्या गावाच्या तोंडी आला. तरी त्याचे मासे सगळ्यांना गोड लागायचे. यंदा पाणी आटलं, जाळ्यात मासळी येईना, आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

एका संध्याकाळी येल्लय्या काठावर फोनवर सांगत होता, "पिल्ललु संचिलो उन्नाई." जवळून जाणाऱ्या सयाजीनं ते ऐकलं. सयाजी पूर्वी सोलापुरात यंत्रमागावर होता. तेलुगू कामगारांकडून चार शब्द शिकून आलेला. तो धावतच पंचायतीत आला.

"पिल्ललु म्हंजी पोरं! संचि म्हंजी पिशवी! ह्यो पोरं पिशवीत घालून न्हेतोय!"

"सयाजीभाऊ, आदी जाऊन बगा तरी की," शालन म्हणाली. ती येल्लय्याचे मासे बाजारात विकायची. "पाण्यात सोडायला माशाची पिल्लं आणणार हाय, असं त्यो परवाच म्हणत हुता."

"तू त्याचीच बाजू घेणार! तेलगू मला कळतंय, तुला न्हाय."

त्यानं माइक ओढला. "गावकऱ्यांनो, पोरं सांभाळा! पोरं पळवणारा काठावर हाय!" माझ्या तोंडून ते वाड्यावस्त्यांवर गेलं. मला गप्प बसायचं होतं, पण भोंग्याला जीभ चावता येत नाही.

दारं लागली, काठ्या निघाल्या. छपरावरून मला सारं दिसत होतं. येल्लय्या हात जोडून काहीतरी सांगत होता, त्याची पोर आईला बिलगून रडत होती. कुणी थांबलं नाही. कोयत्यानं प्लास्टिकच्या पिशव्या फाडल्या, तेव्हा पाण्याबरोबर माशांची बोटभर पिल्लं चिखलात सांडली. तेलुगूत पोरांसारखंच त्यांनाही 'पिल्ललु'च म्हणतात. तोवर येल्लय्याचा हात मोडला होता.

सकाळी त्यांची झोपडी रिकामी होती. शालन पंचायतीत आली. "आता भोंग्यावर सांगा की, ती मासळी हुती म्हणून."

"जाऊ दे, उगं गावाची शोभा," सयाजी खाली बघत म्हणाला.

मित्रांनो, त्या दिवशी मला कुणी सुरूच केलं नाही. वस्त्यांवर आया अजूनही पोरांना येल्लय्याची भीती घालतात.

म्हणून सांगतो, परक्या माणसाविषयी काही कानावर आलं तर आधी त्याच्या दारापर्यंत चालत जा. माझ्यावर विसंबू नका. आणि हे आजच मनावर घ्या. कालच केळी काढायला बिहारची माणसं उतरली आहेत, आणि आत्ता खाली कुणीतरी माइकवर फुंकर मारतंय.