कुम्मीवर बसवलेला तक्ता

आमच्या मदुरैच्या इस्पितळात डॉ. अळगप्पन यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात. मोठेपण नेमकं कशात आहे ते विचारू नये. साखरेच्या आजाराने डोळ्याच्या पडद्याला सूज येते आणि तिच्यावर आम्ही डोळ्यात इंजेक्शन देतो. इंजेक्शन नको, नवे थेंब पुरतात, हे सिद्ध करायला त्यांनी अभ्यास काढला होता. निकाल यायच्या आधीच त्यांचं भाषण लिहून तयार होतं.

अभ्यासाचा एक नियम मात्र चांगला होता. थेंबांवर असलेल्या माणसाची नजर घसरली, की थेंब बंद आणि ताबडतोब इंजेक्शन. नजर मोजायला उजेडाच्या पेटीवर तक्ता लावलेला असे. त्यावर कंगव्यासारख्या खुणा, वरून खाली बारीक होत गेलेल्या. दात कुठल्या बाजूला आहेत ते पेशंटने हाताने दाखवायचं, म्हणजे अक्षरओळखही नको. दर खेपेला बदलून लावायचे म्हणून तीन तक्ते आले होते. मोठ्या डॉक्टरांनी एक लावला आणि उरलेले दोन पिवळे पडतील म्हणून आपल्या काचेच्या कपाटात ठेवले, वेष्टनासकट. पाहुण्यांना तिथे ते छान दिसतात.

वीरायी उसिलंपट्टीकडची. मोगरा ओवून विकायची. तिचा डावा डोळा केव्हाच गेलेला, सगळी भिस्त उजव्यावर. एकाच डोळ्यावर जगणाऱ्या बाईला असल्या अभ्यासात घ्यायचंच नसतं, पण माणसं कमी पडत होती आणि थेंबांच्या कंपनीला घाई होती. वीरायी दर खेपेला तक्ता अधिकच खालपर्यंत वाचू लागली. तिचे पडद्याचे स्कॅन मी बघत होते, आणि त्यांत सूज वाढतच चाललेली. मी मोठ्या डॉक्टरांना तसं सांगितलं.

"बाई वाचतेय आणि तुझं यंत्र नाही म्हणतंय," ते म्हणाले. "कयल, यंत्र दुरुस्तीला पाठव."

उलगडा झाला तो व्हरांड्यात. वीरायीच्या गावच्या बायका तपासणीची वाट बघत गोल करून बसल्या होत्या आणि कुम्मीच्या, म्हणजे टाळ्यांच्या फेराच्या, ठेक्यावर टाळ्या देत होत्या. टाळी, हात वर. टाळी, हात उजवीकडे. टाळी, खाली, पुन्हा खाली. मी दोन फेऱ्या बघितल्या आणि हातांच्या दिशा ओळखल्या. तो आमचा तक्ता होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. शिकवणारी ओच्चम्मा म्हणून त्यांच्यातलीच होती, तिला मी बाजूला घेतलं.

"मग काय करायचं, डॉक्टरम्मा?" ती म्हणाली. "चुकलं की डोळ्यात सुई टोचतात. बरोबर वाचलं की अय्या, तुमचे मोठे डॉक्टर, शाल घालतात, फोटो काढतात. आमच्यासाठी एवढे राबतात ते. त्यांना चारचौघांत खाली बघायला लावायचं होय?"

शाल खरीच घातली होती, पहिल्याच महिन्यात. ज्या बाईची नजर उतरली तिला मात्र मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झापलं होतं, थेंब नीट घातले नाहीस म्हणून. जो उपचार डोळा वाचवतो तो या बायकांना शिक्षा वाटत होता, आणि तसं वाटायला लावणारा माणूस या विषयातला तज्ज्ञ म्हणवून घेतो. मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. खेडवळ बायकांना एवढं पाठ होतं होय, असं म्हणून ते हसले. उद्या चेन्नैहून अभ्यासाच्या तपासणीसाठी मंडळी येताहेत, तोवर तोंड बंद ठेव, असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चेन्नैची मंडळी आली, कंपनीचे साहेबही आले. मोठ्या डॉक्टरांनी अर्थातच वीरायीला बोलावलं. तिला खुर्चीत बसवून, स्वतः तक्त्याकडे पाठ आणि पाहुण्यांकडे तोंड करून ते बोलायला लागले. वीरायी हात दाखवू लागली. वर, उजवीकडे, खाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पुढे झाले, अंगातला पांढरा कोट काढला आणि अख्ख्या तक्त्यावर टांगला.

वीरायी थांबली नाही. कोटाकडे बघत ती एकेक खूण दाखवत गेली, एकही न चुकता. पाहुणे कोटाकडे बघत होते, मग तिच्या हाताकडे. बोलत होते फक्त मोठे डॉक्टर. "आता बघा, सगळ्यांत बारीक ओळ," ते म्हणाले, आणि वीरायीने तीही वाचली. मग कुणीच काही बोलेना, तेव्हा त्यांनी वळून बघितलं.

अभ्यास थांबला. वीरायीला त्याच दुपारी पहिलं इंजेक्शन दिलं, पुढे आणखी दिली. सूज उतरली, पण पडदा तोवर करपून गेला होता. आता तिला उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळते. मोगरा ती अजूनही ओवते, बोटांच्या सवयीने, पण कळी डागळलेली आहे का ते नातीला विचारावं लागतं. मोठ्या डॉक्टरांचं काय बिघडलं? काही नाही. खेड्यातल्या स्त्रियांच्या स्मरणशक्तीवर ते आता नवा अभ्यास काढताहेत.

परवा वीरायी तपासणीला आली होती. जिन्याशी मोठ्या डॉक्टरांचा आवाज ऐकून ती थबकली, माझा हात सोडून चाचपडत पुढे झाली आणि तिने हात जोडले. हात जोडले होते ते खांबाकडे.

"अय्या, माफ करा," ती म्हणाली. "माझ्यामुळे तुम्हाला पाहुण्यांसमोर खाली बघावं लागलं."

"असू दे, असू दे," मोठे डॉक्टर म्हणाले, आणि जिना चढून वर गेले.