वेडाला काम

बैलाने उजवा पाय तुडवला, तेव्हापासून रंभाला शेळ्यांमागे धावता येईना. सिद्धगडाच्या पायथ्याशी तिचं घर, घरात ती एकटी, आणि शेळ्या अकरा. सुटल्या की त्या थेट शेजारच्या महिपतच्या भातात शिरत. तिसऱ्या खेपेला महिपत दारात येऊन उभा राहिला.

"रंभे, आता लय झालं. दिवाळीपर्यंत शेळ्या वीक, नायतर मी कोंडवाड्यात घालतो."

"विकणार नाय, दादा. राखीन."

एकोणचाळीस सालचा श्रावण होता तो. मिळाली ती बैलगाडी धरून रंभा वैशाखरे गावात धाऊकडे गेली. त्याच्याकडची कुत्री चांगली निपजतात असं सगळे म्हणत. धाऊने वर्षाच्या आतली चार कुत्री दाखवली. तिने भाकरी टाकली, तशी तिघं तुटून पडली. चौथं तांबूस, हडकुळं. त्याने तिच्या पायाशी एक दगड आणून टाकला आणि ते टक लावून तिच्याकडे बघत बसलं.

"ते नको घेऊ, बाय. येडं हाय," धाऊ म्हणाला. "दगड फेकला की आणतं, परत फेक म्हणतं. तोंडातून रगत आलं तरी थांबत नाय."

रंभाने दगड फेकला. त्याने आणला. तिचा हात दुखायला लागला, त्याचा उत्साह तसाच.

"माझं काम पण रोज तेच तेच," ती म्हणाली. "न कंटाळणारंच हवं मला."

पाड्यावर त्याला गोट्या नाव पडलं. पहिला महिना वाईट गेला. हाकलायला कुणी दगड मारला, तर तोच घेऊन गोट्या त्याच्या दारात जाऊन बसे. शेळ्यांकडे तो ढुंकूनही बघेना. नजर सारखी रंभाच्या हातावर.

मग तिने दगड बंद केले. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ठोकळा केला, तो कमरेला खोचला. नुसता मागून मिळणार नाही, काम केलं तरच फेकणार. गळ्यात लांब दोरी बांधून ती त्याला शेळ्यांच्या बाजूने फिरवी आणि म्हणे, "वळ!" तो शेळ्यांच्या मधूनच घुसला तर दोरी ओढून मागे आणी, पुन्हा सांगे. पूर्ण वळसा घातला की लगेच ठोकळा. संध्याकाळी "संपलं" म्हणून ती ठोकळा शिंक्यात ठेवून देई. गोट्या तासभर केविलवाणा ओरडे. तिलाही वाईट वाटे, पण ती उठत नसे. पंधरा दिवसांनी तो "संपलं" ऐकताच अंग टाकून झोपायला लागला. तेव्हा तिने दोरी सोडली.

आश्विनात भात पिवळं पडलं. एका सकाळी शेळ्या बांध ओलांडायला लागल्या. महिपत ओरडत आला, त्याने शेळ्यांवर दगड भिरकावला. दगड गोट्याच्या पुढ्यातच पडला. गोट्या थबकला. रंभा ओरडली,

"वळ रे, गोट्या!"

त्याने दगडाकडे एकदा पाहिलं आणि कडेने पळत सुटला. अकराच्या अकरा शेळ्या माघारी फिरल्या. रंभाने ठोकळा इतक्या जोरात फेकला की तिचा तोल गेला, आणि ती खाली बसून हसत राहिली.

दिवाळी झाली, शेळ्या दावणीलाच होत्या. महिपत पुन्हा आला, या वेळी जरा अवघडून.

"मला पण असलाच एक कुत्रा बघून दे ना."

दोघं वैशाखऱ्याला गेली. धाऊच्या अंगणात एक चपळ कुत्रं गोल गोल धावत होतं. महिपतला तेच आवडलं.

"ते नको," रंभा म्हणाली. "त्याला दिवसभर काम लागंल. तुमी दुपारी झोपता. काम नाय मिळालं तर तुमचं घर खणून काढील ते."

कोपऱ्यात एक थोराड काळं कुत्रं पडलं होतं. अनोळखी माणसं पाहून ते दोनदा भुंकलं आणि पुन्हा मान टाकून पडलं.

"ह्ये घ्या, दादा. राखणीला पुरे. नि तुमच्यासंगं झोपंल पण."

धाऊ मोठ्याने हसला. महिपतने कुत्र्याच्या गळ्यात दोरी अडकवली.