लिफ्टमधला पेशंट कोणाचा?

मी एक पांढरा फळा. खडूचा नव्हे, पेनाने लिहायचं आणि फडक्याने पुसायचं, तसला. चार फूट बाय तीन फूट, कडेने अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. मला तोंड नाही म्हणून लोकांना वाटतं मला काही कळत नाही. अहो, भिंतीवर टांगलेल्याला दिसतं तेवढं घरात कोणालाच दिसत नाही. चहाड्या करायची सवय नाही मला, पण विचारलंत म्हणून सांगतो. नसतं विचारलंत तरी सांगितलंच असतं म्हणा.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. पत्र्यावर मुलामा चढला, भट्टीची धग लागली, संपलं. पहिली नोकरी गाडी शिकवणाऱ्या एका मास्तरांकडे. ते माझ्यावर चौक काढायचे, बाण काढायचे आणि "डावीकडचा आधी की उजवीकडचा?" असं विचारून शिकाऊ लोकांना घाम फोडायचे. मास्तर थकले, क्लास बंद पडला, आणि मी वर्षभर एका कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभा होतो. शिक्षा झालेल्या पोरासारखा.

तिथून मला ताईने आपल्या घरी आणलं.

ताई संशोधन करायची. इमारतीतल्या लोकांना वाटायचं ती डॉक्टर होणार, म्हणून कोणी गुडघा दाखवायला यायचं, कोणी खोकून दाखवायचं. ती हसून सांगायची, "अहो, मी माणसांची नाही, सॉफ्टवेअरची डॉक्टर." लोक निराश होऊन परत जायचे.

तिचं काम मला हळूहळू कळलं. एका मोठ्या हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर बनत होतं. वॉर्ड, औषधं, रक्ततपासणी, ऑपरेशन थिएटर, सगळं एकमेकांशी जोडलेलं. असे शेकडो भाग एकमेकांशी बोलायला लागले की कोण कोणाला कधी काय सांगेल, हे एका डोक्यात मावत नाही. म्हणून बांधायच्या आधी त्याचा नमुना काढायचा, ज्याला ती मॉडेल म्हणायची. चौकटी, बाण आणि चौकटींचे नियम. बाणांची मला सवय होतीच.

तिच्या जोडीला एक सहकारी होता. त्याचा चष्मा नेहमी कपाळावर असायचा आणि तो नेहमी चष्मा शोधत असायचा, म्हणून त्याला सगळे चष्मेवाला म्हणायचे. दोघांचं रोज वाजायचं.

"आधी पूर्ण चित्र काढू. नियम पक्के करू. मग बांधू," ताई म्हणायची.

"पूर्ण चित्र होईपर्यंत पेशंट बरे होऊन घरी जातील. थोडं बांधू, चालवून बघू, मोडलं की दुरुस्त करू."

"हॉस्पिटलात मोडून बघतोस?"

मग चहा. मग दोघंही माझ्याकडे बघत बसायचे, जसं काही मीच सांगणार आहे.

आता एका चौकटीची गोष्ट सांगतो. पहिल्याच आठवड्यात ताईने माझ्या मधोमध चौकट काढून लिहिलं, 'पेशंट एका वेळी एकाच वॉर्डात असतो.' लिहिताना तिला तो निव्वळ अंदाज वाटत होता, शेवटी प्रश्नचिन्हही काढणार होती. तेवढ्यात लक्षात आलं की हातात पक्क्या शाईचं पेन आहे, पार्सलवर पत्ता लिहायचं. पुसायला गेली, निघेना. चष्मेवाला पोट धरून हसला, आणि त्याने साध्या पेनाने खाली लिहिलं, 'पुसू नये'.

ती नुसती थट्टा होती, मी शपथेवर सांगतो.

पण माणसांचं असंच असतं. महिना गेला, दोन गेले. बाकीच्या चौकटी रोज पुसल्या जायच्या, ही एक राहायची. 'पुसू नये' फिकट झालं की ताईच ते पुन्हा गिरवायची. विद्यापीठातली मुलं बघायला आली की वहीत आधी तीच चौकट उतरवून घ्यायची. ताईच्या सरांनी तर व्याख्यानात सांगितलं, "या मॉडेलचा पाया म्हणजे हा नियम." दीड वर्षाने तो कसा आला हे ना ताईला आठवत होतं ना चष्मेवाल्याला. दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याने फार विचार करून ठेवलाय.

मला आठवत होतं. पण मला कोण विचारतो?

मॉडेल पूर्ण झालं. संगणकाने त्यातल्या लाखो शक्यता एकेक करून तपासल्या. एकही चूक नाही. चष्मेवाल्याने त्यावरून सॉफ्टवेअर बांधलं. पुढच्या सोमवारी ते तीन वॉर्डांत सुरू व्हायचं होतं. त्याच्या निकालावर ताईचा प्रबंध अवलंबून होता, आणि सर वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. तोवर झालं नाही तर नवे मार्गदर्शक शोधा, त्यांना पहिल्यापासून समजावा, म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

त्या बुधवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या मावशी तावातावाने वर आल्या. त्या त्याच हॉस्पिटलात आया. पंचवीस वर्षं स्ट्रेचर ढकलतात.

"अगं, तुझ्या बाथरूममधून माझ्या स्वयंपाकघरात पाणी गळतंय. बादली लावून लावून दमले मी."

"आज प्लंबर येतोय मावशी, नक्की."

"गेल्या बुधवारीही येत होता तो." म्हणाल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. कंबरेवर हात. "हे काय, आमचं हॉस्पिटल?"

ताईने कौतुकाने दाखवलं. हा वॉर्ड, हे थिएटर, ही औषधांची वेळ झाली की सिस्टरला जाणारी सूचना.

मावशींनी सगळं बघून घेतलं. "छान आहे. लिफ्ट कुठंय?"

"लिफ्ट नसते हो सॉफ्टवेअरमध्ये," चष्मेवाला म्हणाला.

"पेशंट तर असतो ना लिफ्टमध्ये? मग तेव्हा तो कोणाचा?"

मावशींनी माझ्यावरच्या दोन वॉर्डांमधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"वरची सिस्टर म्हणते, आमच्याकडून गेला. खालची म्हणते, अजून आला नाही. असतो माझ्या हातात. कधी दहा मिनिटं, कधी एक्स-रेसमोर रांग असली तर तासभर. इंजेक्शनची वेळ झाली की मीच ओरडते, अहो, याचं कोण देणार आहे? तुमचं यंत्र ओरडणार का?"

चष्मेवाल्याने लॅपटॉप ओढला. दुपारी चारचं इंजेक्शन असलेला खोटा पेशंट तयार केला, सॉफ्टवेअरचं घड्याळ पुढे केलं आणि चारला पाच कमी असताना त्याला खालच्या वॉर्डात पाठवलं. वरच्या यादीतून नाव गेलं. चारला सूचना खालच्या वॉर्डात गेली. तिथे बेड रिकामा, म्हणून ती आपोआप मिटली. पेशंट पोचला तेव्हा यादीत काहीच बाकी नव्हतं.

"चष्मा कुठंय माझा?" तो म्हणाला. चष्मा डोळ्यांवरच होता.

"पण लाखो शक्यता तपासल्या होत्या," ताई पुटपुटली. मग माझ्यावरच्या त्या पक्क्या चौकटीकडे बघून स्वतःच म्हणाली, "वाट काढलीच नव्हती, तर वाटेतली चूक सापडणार कशी?"

"सोमवारी सुरू करून मग दुरुस्त केलं तर?" चष्मेवाल्याने हळूच विचारलं. "मावशी आहेतच ओरडायला."

"मी सोमवारी रजेवर आहे," मावशी म्हणाल्या.

ताईने सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"सर, सोमवारी नको."

"तपासणीत चूक निघाली?"

"नाही सर. तपासणीत ती कधीच निघाली नसती. पायाच चुकीचा आहे."

"माझ्याकडे डिसेंबरपर्यंतच वेळ आहे, माहीत आहे ना तुला?"

"हो, सर."

"मग पुसून टाक," सर म्हणाले. आवाज थकलेला होता, पण रागावलेला नव्हता.

मावशी खालून स्पिरिटची बाटली घेऊन आल्या. ताई घासत राहिली. खोटं कशाला बोलू, दुखलं. अक्षरं गेली, त्याबरोबर तिथली माझी चकाकीही गेली. तिथे लिहिलेलं आता फडक्याने नीट पुसलं जात नाही. ताई घासताना रडत होती का, ते मी सांगणार नाही. काही गोष्टी मीही पोटात ठेवतो.

प्रबंध डिसेंबरात झाला नाही. अजून झालेला नाही. ताईने नवा फळा आणला आणि मला मावशी घेऊन गेल्या. "तुमचं यंत्र येईपर्यंत आम्हाला लागेल हा." मोठ्या सिस्टरची परवानगी काढून त्यांनी मला हॉस्पिटलात लिफ्टशेजारी टांगलं. माझ्यावर आता एकच रकाना, 'वाटेत'. पेशंट वॉर्डातून निघाला की त्याचा बेड नंबर आणि औषधाची वेळ लिहायची, पोचला की पुसायचं. कोणी पुसलं की मला बरं वाटतं. एक माणूस पोचला.

ताई आठवड्यातून तीनदा येते. स्टुलावर बसून वहीत टिपत राहते, कोण कोणाला काय सांगतं, कुठे थांबतं. नव्या मार्गदर्शकांना हे संशोधन वाटत नाही म्हणे. चष्मेवाला तिच्याबरोबर येतो आणि मावशींचं स्ट्रेचर ढकलतो. वाटेत काय होतं ते त्याला ढकलल्याशिवाय कळत नाही, असं तो म्हणतो.

तुम्हीही कोणासाठी काही बांधत असाल, तर माझं एवढं ऐका. जी माणसं ते रोज हातांनी ढकलतात, त्यांना तुमच्या चित्रासमोर एकदा उभं करा. आणि ती बोलायला लागली की मध्ये बोलू नका.

आत्ता माझ्यावर एकच ओळ आहे. बेड सात, एक्स-रेला गेलेल्या आजी, औषध अकराला. अकराला दहा कमी आहेत. लिफ्टचा आवाज येतोय. जरा भिंतीला लागून उभे राहा बघू, आजींना वाट द्या.