हारामागची आरती

लाखनीच्या हायवेला लागून प्रविणचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. त्याचे वडील ईश्वरबाबा दंडारीत, म्हणजे गावाकडच्या लोकनाट्यात गाणारे, आवाज असा की पाच गावं ओळखायची. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं त्यांचा घसा खाल्ला आणि नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. ऑपरेशनच्या आधी प्रविणनं त्यांना समोर बसवून गाणी, गप्पा, अगदी शिव्यासुद्धा रेकॉर्ड करून घेतल्या. पुढे बाबा रोज दुकानात येऊन स्वतःचा आवाज ऐकायचे आणि मगच जेवायचे.

मग एक दिवस वीज कडाडली आणि कॉम्प्युटर जळाला. रेकॉर्डिंगची डिस्क तेवढी वाचली. मोबाइलात कॉपी करू, करू म्हणता राहूनच गेलं होतं. आळस असा नडतो. त्या दिवसापासून बाबांनी ताटाकडे पाठ फिरवली.

भंडाऱ्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या कुलदीपनं नव्या कॉम्प्युटरात जुनी डिस्क बसवून चालवून दाखवली. दुकानात आणल्यावर प्रविणच्या आईनं, गोदावरीबाईनं, यथासांग पूजा केली. मशीनला झेंडूचा जाडजूड हार घालताना माउली बराच वेळ खुडबुडत होती. बाबा खुर्ची ओढून पुढ्यात बसले. प्रविणनं बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली: चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

प्रविणनं वायरी काढून पुन्हा खोचल्या. बाजूचं झाकण उघडायला गेला तर आई आडवी आली.

"पूजेचा हार आहे, वाळेस्तोवर काढू नोको."

हार तसाच ठेवून त्यानं आत हात घातला, सगळं चाचपलं, पुसलं. ओळ जागची हलेना. बाबा एकटक बघत होते, आणि ते बघणं त्याला सहन होईना. त्यानं कुलदीपला फोन लावला.

"विंडोज उडाला असन. नवा टाक," कुलदीप म्हणाला. "पण घाई नोको करू. डिस्क इकडे घेऊन आला तर बरं."

भंडाऱ्याला जाऊन दुरुस्त करून आणेपर्यंत बाबा आणखी एक दिवस उपाशी राहणार. समोर हायवेवर 'अति घाई संकटात नेई' अशी पाटी होती, पण ती ट्रकवाल्यांसाठी असते. प्रविणनं विंडोजचा पेनड्राइव्ह लावला. डिस्कचे कुठले भाग पुसायचे ते विचारलं गेलं. घाईत नीट न वाचताच त्यानं सगळेच पुसले. नवं विंडोज बसलं, मशीन पुन्हा सुरू झाली आणि तीच ओळ आली.

तेव्हा मात्र त्याचा तोल गेला. त्यानं हार ओढून तोडला. मागे एक छोटा पेनड्राइव्ह खोचलेला होता.

"माय, हे काय होय?"

"तुह्या बाची आरती. तूच देवळात दिलेली, तिथल्या स्पीकरातून मागून आणली. नव्या मशीनीत पहिला आवाज त्यायचाच निघावा म्हणून मीच लावली."

त्यानं तो उपसला. मशीन सुरळीत सुरू झाली. डिस्क धडधाकटच होती, मशीन उगाच आधी ह्या पेनड्राइव्हात विंडोज शोधत चाचपडत बसली होती. आता डिस्कवर नवं विंडोज तेवढं होतं, बाबांचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. आईला काय बोलणार? पुसलं तर त्यानंच होतं.

त्यानं तो पेनड्राइव्ह परत लावला. आरती वाजली, संपली. शेवटी खोकला आणि बाबांचा खणखणीत आवाज: "झालं न बे प्रविण, कर आता बंद."

बाबा कितीतरी दिवसांनी हसले. मग त्यांनी हातानं खूण केली, पुढचं लाव.