चांदी पोटात घेतलेली चकती

मी एक चकती आहे. रुपयाच्या नाण्याएवढी, कागदाहून पातळ. पोटात चांदी आहे, तरी रंग मात्र हळदीचं बोट लागल्यासारखा पिवळसर. चांदीचे कण डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक झाले की त्यांना असा रंग चढतो, असं राजनंदिनी सांगते. तिनंच मला जन्म दिला. पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती संशोधन करते. जखमेवर ठेवलं की जंतूंना लांब ठेवेल असं कापड करायचं, हा तिचा ध्यास.

मी पाकातून आले. पॉलिमरची पूड गरम पाण्यात विरघळवायची, त्यात चांदीचा क्षार घालायचा आणि एकतारी पाकासारखं ते द्रावण सुईच्या नळीत भरायचं. समोर पत्र्याचा फिरता रूळ. मधे हजारो व्होल्टचा दाब. त्या ओढीनं सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, आणि केसाहून कितीतरी बारीक धागा हवेत वाळत वाळत रुळावर जाऊन बसतो.

एप्रिलमध्ये सगळं छान जमलं होतं. श्रावण आला आणि बिघडलं. माझ्या आधीच्या नऊ बहिणी चिकट गोळे होऊन पडल्या. राजनंदिनी रोज पॉलिमर कमीजास्त करी. क्षारानं बोटं काळी पडली. तिचे मार्गदर्शक अनंत सर सूक्ष्मदर्शकातून बघून म्हणाले, "मी धागे मागितले होते. आपण शेवयांची खीर केलीत." मग चष्मा पुसत, "शुक्रवारपर्यंत बघू. नाहीतर विषय बदला."

दोन वर्षांचं काम होतं हो ते!

सोमवारी तिची आई, सत्यशीलाबाई, धायरीहून उपासाची खिचडी घेऊन आल्या. चातुर्मासात लाख वाती वळायचा त्यांचा नेम, त्यामुळे पिशवीत कापूस असायचाच. मी नळीत बसून सगळं ऐकत होते.

"हे काय गं?" फसलेल्या बहिणीकडे बघत त्यांनी विचारलं.

"हात नको लावूस. फसलंय. आई, सगळं मोजूनमापून केलं गं!"

"सादळलंय हे."

"पापड आहे का तो?"

"हसतेस काय? श्रावणात माझीही वात धड वळत नाही, कापूस ओल धरतो. तव्याच्या उबेला ठेवून डब्यात घट्ट बंद करते, मग वळते. तुझ्या धाग्याला वाळायला कोरडी हवा नको?"

राजनंदिनी भिंतीवरच्या आर्द्रतेच्या काट्याकडे बघतच राहिली. ब्याऐंशी टक्के. आकडा ती रोज वहीत लिहीत होती, विचार मात्र पॉलिमरचाच करत होती.

"खिचडी नंतर," म्हणाली आणि उठली.

यंत्राची पेटी तिनं चारी बाजूंनी बंद केली. आत ओल शोषणारे खडे ठेवले, कोपऱ्यात उबेला दिवा लावला, भिंतीवरचा काटाही काढून आत टांगला. काटा पस्तिशीवर आला तेव्हा मला सोडलं. काय सांगू! कुठे गाठ नाही, गोळा नाही. रुळावर नुसती साय धरली. मग भट्टीत शेकून पक्की झाले, कापून गोल झाले.

गुरुवारी मला जंतू पसरलेल्या बशीत मधोमध ठेवलं. शुक्रवारी सकाळी बशीभर जंतू दाट वाढलेले, आणि माझ्याभोवती लख्ख, मोकळं अंगण! जवळ यायची एकाची छाती झाली नाही. राजनंदिनीकडून वातींची हकिकत ऐकत अनंत सरांनी ते अंगण पट्टीनं दोनदा मोजलं. "विषय राहू दे," म्हणाले. दारापर्यंत जाऊन वळले, "आणि प्रबंधात मातोश्रींच्या वातींचे आभार मानायला विसरू नका."

जिवतीचा शुक्रवार होता. सत्यशीलाबाई पुरणपोळी घेऊन आल्या, लेकीला कुंकू लावलं आणि माझ्यापुढे हात जोडले.

"आई, देव नाही तो!"

"माहितीये गं. पण कामाला आली ना ती."

आता माझ्या बशीवर झाकण आहे, चिठ्ठीवर आकडा दहा. जंतूंना शिवले, म्हणून दुपारी मला वाफेच्या मोठ्या कुकरात घालतील आणि टाकून देतील. रुळावरचं माझं बाकीचं अंग शिल्लक आहे. कुणाच्या जखमेवर बसण्याआधी त्याला अजून पुष्कळ परीक्षा द्यायच्यात, वर्षं जातील. जाऊ देत. पोर खमकी आहे, आणि तिच्या आईच्या अजून साठ हजार वाती वळायच्यात.

सांजेला लावलेली वात सकाळी काजळी होते. तिला कुणी बिचारी म्हणत नाही. मलाही म्हणू नका.