सोसायटीच्या साइटला लागलेली बाधा

मच्छीमार सोसायटीच्या दारात चपला ठेवायला जागा उरली नव्हती. लाखांदूरच्या पलीकडची तीन गावं लोटली होती. मधोमध टेबलावर हळदकुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला सोसायटीचा कॉम्प्युटर, आणि समोर चंद्रकुमार महाराज. एका हातात मोरपिसांचा कुंचा, दुसऱ्यात महागडा फोन.

"सत्तेचाळीस दोष!" महाराजांनी कुंचा काखेत धरून लाल ठिपक्यांनी भरलेला कागद उंचावला. "हरवलेली पानं, तुटलेल्या लिंका, बिननावाचे फोटो! तुमच्या साइटले बाधा झाली. उघडते, पण जगाले दिसत नाही. म्हणजे देह हाये, छाया नाही!"

"छायाच नाही जी," मागून कोणीतरी हळहळलं.

ममता दाराला टेकून उभी होती. अध्यक्ष केवळरामांची ती सून. मत्स्यबीज विकायचं काम तिच्याकडे. बोटभर वाढलेली रोहू-कटल्याची पिल्लं, म्हणजे बोटुकली, चार लहान तळ्यांत दाटीनं भरली होती. दरवर्षी जुलैत साइट पाहून दूरदूरच्या तळेवाल्यांचे फोन येत. यंदा ऑगस्ट उजाडला तरी एक फोन नाही. सकाळीच बोटुकली पाण्यावर तोंड काढून आ वासत होती. दाटीत प्राणवायू पुरत नव्हता. मेलेली दोन घमेली ममतानं स्वतः उपसली होती. अजून आठवडाभर असंच चाललं, तर चाळीस घरांची वर्षाची मेहनत पांढरी होऊन तरंगणार होती.

महाराजांनी कुंचा फिरवला, फोनवर दोन अक्षरं दाबली आणि पडदा गर्दीकडे वळवला. सगळ्यात वर सोसायटीचं नाव!

"जय हो!" गर्दी उसळली.

"पण बाधा पुरती गेली नाही. एकवीस दिवस साइटले कोणी हात लावायचा नाही. आणि बोटुकली दोषाच्या पाण्यात ठेवू नका. आश्रमाच्या तळ्यात आणून सोडा."

"मग आमी काय विकाव, महाराज?" ममता बोलून गेली.

"बाई, शंका हा अठ्ठेचाळिसावा दोष!"

केवळरामांनी बोटुकली न्यायला गाडी आणायला सांगितलं.

"मामाजी, थांबा ना जी!"

"कायले थांबू? दुसरा उपाय हाये तुयापाशी?"

ममतानं सकाळीच शाळेतल्या विज्ञानाच्या रिता मॅडमना फोन केला होता. त्या आता गर्दीतून वाट काढत पुढे आल्या.

"महाराज, हाच चमत्कार ममताच्या फोनवर दाखवा."

"तो फोन शुद्ध नाही."

"फोन हाये का देवघर?" एक म्हातारी फिस्सकन हसली.

रिता मॅडमनी ममताच्या फोनवर 'बोटुकली भंडारा' शोधलं. मोठी यादी आली, सोसायटी कुठेच नाही. मग त्यांनी महाराजांचा फोन मागून घेतला. "हे इंटरनेटनं शोधलेलं नाही. एकदा उघडलेलं पान फोन लक्षात ठेवतो आणि दोन अक्षरं दाबली की पुढे करतो. महाराजांनी साइट आधी उघडून ठेवली होती, एवढंच."

"आणि सत्तेचाळीस दोष?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

महाराजांच्या कागदावर साइट तपासून देणाऱ्या एका फुकट साइटचं नाव होतं. मॅडमनी तिच्यावरच आश्रमाच्या साइटचा पत्ता टाकला. आकडा आला त्रेसष्ट.

"अरे बाप! महाराजालेच मोठी बाधा!"

"या चुका खऱ्या असतात," मॅडम म्हणाल्या, "दुरुस्त करायलाच हव्यात. पण त्यांनी अख्खी साइट गायब होत नाही." त्यांनी ममताकडून शोधयंत्राचा अहवाल उघडून घेतला. "शोधयंत्राचा प्रोग्राम पानापानावर फिरून नोंद घेतो. तुमच्या प्रत्येक पानावर त्याच्यासाठी एक ओळ लिहिलीय : हे पान यादीत घेऊ नका. त्यानं ऐकलं. ओळ जूनमधली आहे. जूनमध्ये कोणी काय बदललं?"

मग केवळराम भिंतीचा आधार घेऊन उठले.

"मीनंच सांगतलं होतं."

जून-जुलैत मासोळी अंडी घालते, म्हणून सोसायटी तलावात जाळं टाकत नाही; आजोबांच्या वेळेपासूनचा नियम. तरी साइट पाहून मासोळीसाठी फोन येत राहिले. वैतागून केवळरामांनी साइट बनवणाऱ्या अतुलला सांगितलं, जाळं बंद तर साइटबी बंद, गिऱ्हाईकाले सापडू देऊ नको. अतुलनं ती ओळ घातली. ऑगस्टात जाळं पुन्हा पडलं. ओळ काढायला मात्र कोणी सांगितलं नाही.

"महिनाभर बाधा शोधत फिरलो मी," केवळराम पुटपुटले. "मले कोणी पुसलं नाही. अन् मलेबी आठवलं नाही."

अतुलला फोन करून ओळ काढायला लावली. ममतानं घाईनं विचारलं, "आता लगेच दिसन?"

"नाही. मी चमत्कार करत नाही. प्रोग्राम परत यायला चार दिवस लागतील, कदाचित पंधरा."

"तंवर मरतीन ना सारी!"

"म्हणून अर्धी आजच मोठ्या तलावात सोडा, दाटी कमी होईल. आणि जुन्या गिऱ्हाईकांना हातानं फोन लावा."

महाराज कधी उठून गेले, कोणी पाहिलं नाही. माणसं घमेली घेऊन तळ्याकडे पळत होती.

तरीही एक तळं गेलं. उरलेली तीन वाचली, आणि नवव्या दिवशी ममताच्या फोनवर पहिला अनोळखी नंबर वाजला. त्या गेलेल्या तळ्याचं खापर बाधेवर फोडता येणार नाही. जितके दिवस आपण कुंच्यापुढे हात जोडून बसलो, तितके दिवस बोटुकली तडफडली. काही बिघडलं तर कोणाची नजर लागली हे विचारू नका. शेवटचं काय बदललं आणि कोणी बदललं, हे विचारा; आणि पहिल्याच दिवशी विचारा.