मशीन वगळते ती ओळ

एवढासा चौकोन, मसुरीच्या दाण्याएवढा, स्क्रीनवर 'काटा' या नावाच्या डावीकडे रिकामा... आणि पद्मिनी पाच मिनिटं झाली त्याच्याकडेच बघत बसली होती. वरचे सहा चौकोन तिनं टिचक्या माराव्या तसे पटापट भरले होते. खाली निळं बटण. ते दाबलं की ऑफिसचा सगळा कोड त्या नव्या एआय सहाय्यकाला वाचायला मोकळा. मग कोणीही चॅटमध्ये साध्या भाषेत विचारावं आणि त्यानं सांगावं – हे कुठे आहे, कशासाठी आहे. हे काम मालकांनी, शेखरभैयांनी, तिलाच दिलं होतं. दुसऱ्या कोणाला देणार म्हणा! तेलीबांध्यातल्या या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, एकोणीस वर्षं कोड म्हणजे पद्मिनीच. कुठली ओळ कुठल्या फाइलमध्ये हे ती चहा ओतता ओतता सांगायची, आणि आपण सांगतो तसंच असणार याबद्दल तिला स्वतःला कधी शंका आली नव्हती.

"चार बजे सब मीटिंग रूम में," शेखरभैया मघाशी, साडेतीनला, म्हणाले होते. "मैं सबके सामने पूछूँगा उससे, कपात किसने बनाई? देखते हैं, आपका नाम लेता है कि नहीं!"

ती हसली होती. घेऊ दे की नाव, खुशाल घेऊ दे... असं मनात म्हणतच ती जागेवर आली, सहा चौकोन भरले, आणि सातव्यापाशी तिला ती ओळ आठवली.

कपात म्हणजे 'काटा' या त्यांच्या प्रोग्रॅमचा जीव. तांदळाच्या गिरणीत धानाची गाडी वजनकाट्यावर चढते, धान ओलं असतं, आणि ओलाव्यापोटी वजनातून किती किलो वजा करायचे यावरून शेतकरी आणि गिरणीवाला रोज एकमेकांच्या अंगावर जातात. कपात आली आणि ते भांडण थांबलं. दोघांनाही पटेल असा आकडा स्क्रीनवर दिसू लागला. कंपनी उभी राहिली ती त्याच्यावर. आणि पद्मिनीचं नाव झालं तेही त्याच्यावरच.

केली होती भास्करनं.

भास्कर ढोमणे, गोंदियाचा. ऑफिसात तिच्याशी मराठी बोलणारा एकटाच. आठ दिवस तो गिरणीच्या काट्यावर उभा राहिला, ओंजळीनं धान उचलून बघत, हमालांशी गप्पा मारत, आणि नवव्या दिवशी टोपण हरवलेला एक पेनड्राइव्ह तिच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "पद्मिनीताई, झालं पाहा. तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या?" त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. तो गोंदियाला गेला तो परत आलाच नाही. पेनड्राइव्हमधलं सगळं तिनं आपल्या हातानं रिपॉझिटरीत, म्हणजे ऑफिसच्या कोडच्या साठ्यात, चढवलं, म्हणून प्रत्येक ओळीपुढे नोंद तिच्या नावाची, गिरणीत दाखवायलाही तीच गेली, आणि शेखरभैयांनी दहा माणसांसमोर टाळी वाजवली, "पद्मिनीजी, कमाल कर दिया आपने!"

मी खोटं बोलले का? नाही बोलले. मी बोललेच नाही... उद्या सांगू म्हटलं, आणि उद्या शेखरभैयांनी मिठाई आणली. मिठाईच्या तोंडावर कसं सांगायचं, म्हणून परवा... आणि परवाची अकरा वर्षं झाली.

त्या मिठाईच्या दिवशी मात्र तिनं ते लिहून ठेवलं होतं. कोडमध्येच, कपातीच्या डोक्यावर, टीप म्हणून. टीप ही माणसासाठी असते, प्रोग्रॅम चालताना मशीन ती वगळून पुढे जाते. आणि माणसांचं म्हणाल तर भास्कर गेल्यावर या मजल्यावर मराठी वाचणारं उरलं होतं कोण? ती एकटी. वर्षानुवर्षं ती अशा टिपा लिहीत आली होती – शेखरभैयांचा राग, पाठदुखी, सासूबाईंचं ऑपरेशन – आणि हिंदी बोलणारी पोरं त्या ओळींवरून बिनधास्त पुढे जायची. आपल्या हुशारीचं तिला कौतुक वाटायचं. झाकून ठेवायला ऑफिसच्या भरचौकात याहून चांगली जागा नव्हती.

आणि हा नवा सहाय्यक नेमक्या टिपाच आधी वाचणार! मराठीही वाचणार. पद्मिनीला क्षणभर चक्क हसू आलं. बाई गं, फसलीस की.

पण ती घाबरणाऱ्यातली नव्हती. तिनं फाइल उघडली, ओळ शोधली, न वाचता पुसून टाकली. झालं! पुसायला लागलं किती? एक बोट. मग बदल जतन करायला गेली, तर चौकट समोर आली: बदलाचं कारण लिहा.

हा नियम तिचाच. कारण लिहिल्याशिवाय एकही बदल आत यायचा नाही, आणि कारण खरं हवं. गेल्याच आठवड्यात तिनं सोनियाचं काम तीनदा परत पाठवलं होतं. कारण काय, तर पोरीनं 'छोटा सुधार' एवढंच लिहिलं होतं. "छोटा मतलब क्या? मुझे कारण चाहिए, सोनिया," ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. सोनिया शरमेनं लाल झाली होती.

तिनं लिहिलं, 'जुनी टीप काढली.' खोडलं. 'अनावश्यक मजकूर.' खोडलं. खरं कारण तिला पाठ होतं आणि बोटं ते लिहीत नव्हती. अकरा वर्षं ज्या खुर्चीत ती ताठ बसली त्या खुर्चीत आज पहिल्यांदा तिला स्वतःची लाज वाटली. चांगली, कानापर्यंत तापणारी लाज.

तिनं ओळ परत आणली. या वेळी वाचली. 'हे भास्करनं केलं. सारे समजून राहिले का मी केलं. मी काही बोलली नाही.'

मग सातवा चौकोन भरला आणि निळं बटण दाबलं. दोन मिनिटांनी सहाय्यक तयार झाला. तिनं मराठीतच विचारलं: कपात कोणी केली?

'टिपेनुसार हे काम भास्कर यांनी केले आहे. स्वतः हे तेव्हा कोणाला सांगितले नाही, असे टीप लिहिणाऱ्या व्यक्तीने त्याच ठिकाणी नोंदवले आहे.'

भास्कर. किती वर्षांनी हे नाव या ऑफिसात मराठीत उमटलं! तेही बिनरागाचं; ना टोमणा, ना आरोप. पद्मिनीनं ते पुन्हा वाचलं. वाटलं होतं भीती वाटेल, पण हलकं वाटलं, आणि त्याचाच तिला राग आला – हे मी सांगायचं होतं. हे माझं सांगणं होतं, याचं नाही.

"दीदी, चार बज गे," दारातून सोनिया म्हणाली. "भैया टाइप करत हे, आवव जल्दी."

"हव, आई."

ती उठली. चप्पल पायात नीट गेली नाही तरी थांबली नाही. पॅसेजमधून जाताना ती मनात वाक्य जुळवत होती, हिंदीत, मग मराठीत, मग पुन्हा हिंदीत. पुढे काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं. शेखरभैयांचं तोंड कसं होईल, सोनिया काय म्हणेल, उद्या या खुर्चीत आपण कशा बसू... काही ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की मीटिंग रूममधून टाइप केल्याचा टकटक आवाज येतोय, आणि आपण पळतोय, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, त्या सहाय्यकाच्या उत्तराआधी पोचायला.